चौथा खण

बारा वर्षं आमचं घर दोन सुटकेसांत होतं.
हेरंबची निळी, माझी चाक मोडलेली.
पलंगाखालून ओढायच्या, हवं ते काढायचं,
पायानं परत ढकलायच्या.
कुणी विचारलंच तर म्हणायचो,
इकामा दोन वर्षांचा,
त्याला वीस वर्षांची कपाटं कशाला?

मग एका शुक्रवारी मीच म्हणाले, चल.

अल-राईच्या बाजारात पत्र्याखाली
लोकांची घरं उभी असतात, भिंती वगळून.
पहिल्याच बदलीत कंबर मोडलेले प्लायवूडचे वॉर्डरोब.
सोनेरी पायांचे सोफे, कुणाच्या तरी लग्नातले.
आरशाची एक चौकट, आरसा नाही,
तिच्या पलीकडे एक माणूस डबा खात बसलेला;
मी केस नीट केले, तो ओशाळला.
हेरंब टेप काढून मापं घेत होता
आणि मी वास.

विकणारा मोतालेब, सिल्हेटचा.
म्हणाला, दीदी, फर्निचर है, आम नहीं.

पण वरचं पॉलिश काय, काहीही बोलतं.
खण बाहेर ओढून उलटा करावा,
तिथं कुणी रंग लावत नाही.
तिथं रंधा जिथं कंटाळला ते दिसतं,
कोपऱ्यात फळ्यांनी बोटांत बोटं घातलेली,
खिळा एकही नाही.
डांबराच्या गोळ्या, ऊद, जरासा उंदीर,
आणि या सगळ्याच्या तळाशी
सागवान.

पाच खण. पितळी कड्या,
एक हरवलेली, तिच्या जागी सुतळी.
चौथा खण उघडेना.
मोतालेब म्हणाला, त्याचे पाच दिनार कमी.
हेरंब म्हणाला, न उघडणारा खण म्हणजे नुसता ठोकळा,
दहा कमी.
साडेसातवर दोघंही दमले.

हाफ-लॉरीत ते उताणं निजवलं
तसं चौथ्यात काहीतरी घरंगळलं.
वळणावर डावीकडे, सिग्नलला परत उजवीकडे,
थेट फहाहीलपर्यंत.

लिफ्टमध्ये मावलं नाही. चार जिने.
इमारतीचा हारिस, म्हातारा फथी,
दर वळणावर टेकायचा आणि एक शिवी द्यायचा,
चौथ्या मजल्यावर पोचल्यावर मात्र
फडक्यानं स्वतःच पुसून गेला.

आई फोनवर म्हणाली, हळदकुंकू वाहिलंस का?
म्हटलं, एकदम पाच खण आलेत घरात,
ओटी कुणाची भरायची ते सांग.

पहिल्यात त्याचे मोजे. दुसऱ्यात माझ्या ओढण्या.
तिसऱ्यात पासपोर्ट, करारपत्रं, वीजबिलं,
ज्यांना आजवर उशीखाली झोपायची सवय.
पाचव्यात अशाच काही गोष्टी,
टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या.
चौथा तसाच.
हेरंब दोनदा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला,
दोनदा मी चहा केला.

जूनमध्ये हवा इतकी कोरडी झाली
की टाचा उलल्या, दाराची चौकट उलली.
बाहेर धुळीनं समोरची इमारत पुसून टाकलेली.
रात्री टक् असा आवाज आला.
सकाळी बघते तर चौथा खण
बोटभर पुढे.

आत पेन्सिलीचा तुकडा, दातांच्या खुणा असलेला,
आणि एक चिठ्ठी, अरबीत.

फथीनं ती हातभर लांब धरली.
वाचताना आवाज जरा मोठाच लावला:
बटाटे. गॅसची नळी. रीमच्या बुटांना नाड्या.
जिरं. पडद्याच्या कड्या, अकरा.
मग एक रेघ, आणि खाली,
कासिमचे पैसे परत द्यायचे.

तारीख?
तारीख नाही.

जिन्यात बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग हेरंब म्हणाला,
जिरं आपल्याकडचंही संपलंय.

चाक मोडलेली आता निळीच्या पोटात असते,
निळी पलंगाखाली, हलकी.
थंडीत दोन सरी पडल्या की लाकूड फुगेल,
खण पुन्हा अडेल.
तोवर ठरवायचंय आत काय ठेवायचं.
सध्या पेन्सिल आहे, चिठ्ठी आहे.
काल पाहिलं, चिठ्ठीच्या पाठीवर
त्याच पेन्सिलीनं हेरंबनं लिहिलंय:
पितळी कडी, एक.