घोटाभर समुद्र

पतपेढीच्या कॅलेंडरवर मे महिन्याला
एक नारळ वाकला होता निळ्या पाण्यावर.
केवळबाई म्हणाली, मे संपत आला,
पान उलटायच्या आत मला इथं ने.

मी शिरपूर डेपोचा कंडक्टर.
चोवीस वर्षं लोकांना पोहोचवलं,
स्वतः कुठं उतरलो नाही.
दोन दिवसांची रजा, खिशात अठराशे,
आणि समुद्र पार सुरतेच्याही पुढे.
म्हटलं, तापीत एक बेट आहे,
मधळी म्हणतात. केळीच केळी. चालेल?
ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली.
नारळ आहे का?
एक आहे, म्हटलं.
(तेही नुसतं ऐकून होतो.)

काठावर लोटन भोई नाव घेऊन उभा.
नदीला पाणी घोट्याएवढं.
पलीकडून एक शेळी चालत आली,
खुरंसुद्धा धड भिजली नव्हती तिची.
मी पायजमा वर घेतला तसा लोटन ओरडला,
"ओ भाऊ, बठा ना नावमा! घाई काबर शे?"
बसलो. तो खाली उतरला
आणि रेतीवरून खरखर ढकलत नेलं आम्हाला.
माणशी वीस, ट्रंकेचे पाच.
केवळबाईनं पाण्यात बोट बुडवून चाखलं.
"गोडं आहे,"
तक्रार केल्यासारखं.

हॉटेल सागरदर्शन म्हणजे झेलाबाईंची एक खोली.
दारं तीन, कडी एकालाही नाही,
कारण गावची पायवाट खाटेच्या पायथ्याहून जाते.
दुपारी दोन म्हशी गेल्या, मग तलाठी,
वहाणा हातात घेऊन, हळूच रामराम करत.
बाकी सारं बेट झोपलेलं. शेहेचाळीस डिग्री.
कोंबडासुद्धा.
शेतीची लाईट येते रात्री अकराला,
आणि मधळीत लाईट आली की सकाळ.

अकरा वाजले.
पंप धडधडले, सऱ्यांमधून पाणी सुटलं,
न्हाव्यानं बल्बखाली वस्तरा परजला,
शाळेच्या ओट्यावर पोरं पाढे घोकू लागली,
कुणी वांगी मांडली, कुणी कुल्फी.
एकुलती राजदूत एकुलत्या रस्त्यावर
गोल फिरू लागली, वळणावर हॉर्न देत.
समोरून येणार कोण?
"उद्या कोणी दुसरी घेतली तर?" चालवणारा म्हणाला,
"सवय असलेली बरी."

एक वाजता कळण्याची भाकरी, केळफुलाची भाजी, फौजदारी डाळ.
दोन वाजता केळीतून हवा आली
जसं पिळायच्या राहिलेल्या लुगड्याखालून चालावं.
केवळबाईनं चपला काढल्या
आणि मला न विचारता राजदूतवर मागे बसली.
तीन फेऱ्या.
हॉर्न प्रत्येक वेळी तिनंच दाबला,
त्याच्या बगलेखालून हात घालून.
मी कुल्फीची काडी धरून उभा.
कुणाला टाटा करायची सवय नाही मला,
नेहमी गाडीत मीच असतो.

नारळ होता. खरंच होता.
बेटाच्या टोकाला, विजेच्या खांबाजवळ,
सरळसोट, तारांकडे बघत.
"धरत नाही काही," झेलाबाई म्हणाल्या,
"पण पाहुणे विचारतात, म्हणून पाणी घालतो."
केवळबाईनं खोडाला तळहात लावला,
अंगात ताप आहे का बघतात तसा.
बोलली काहीच नाही.

निघताना लोटननं पंचेचाळीस घेतले
आणि कमरेच्या पिशवीतून तिकीट काढून दिलं.
आमच्याच एसटीचं. शिरपूर ते चोपडा, एक फुल,
शाई उडालेली. थडीला सापडतात, म्हणाला,
फेकवत नाहीत.
मी सवयीनं पेनाची रेघ मारली त्यावर.

मध्यावर केवळबाई उतरली.
साडी खोचली, ट्रंक डोक्यावर घेतली
आणि नावेच्या बाजूनं चालू लागली.
"बाई, भाडं परत भेटाव नही!"
"ठेव," ती म्हणाली.
नावेत मी एकटाच,
आणि मला ढकलणारा लोटन.

घरी येऊन बरेच दिवस झाले.
तिनं पान उलटलेलं नाही.
दूधवाल्याच्या खुणा खालच्या कोऱ्या जागेत
ती पुढे पुढे मांडत चालली आहे.
आज एक्केचाळीस मे.