तपासणी, एकशे चाळीस डॉलर

मारिसोल किन्योनेस दातांच्या दवाखान्यात कामाला आहे.
लोक आ करून खोटं बोलतात, म्हणाली.
रोज दोरा फिरवतो म्हणतात,
आणि हिरडीला हात लावला की रक्त.
म्हटलं, तेच लोक माझ्याकडे येतात,
दर पाच हजार मैलांना ऑइल बदललंय म्हणत.

तर ही गाडी.
बीएमडब्ल्यू, चार दारं, सहा सिलिंडर, हाताने टाकायचे गिअर,
पंधरा वर्षांची, राखी.
श्रीमंतीच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी,
जिथे चपला काढून ठेवतात ती.
मागणी साडेआठ हजार.
मारिसोलकडे आहेत सात हजार दोनशे,
दोन वर्षांच्या शनिवारांचे.

लिफ्टवर चढवली.
आमच्या ईरीत नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ ओततात,
लोणच्यासारख्या मुरतात गाड्या.
टॉर्च घेऊन खाली उभा राहिलो,
मान वर, तोंड उघडं.
तुमच्या खुर्चीतल्यासारखे दिसताय, मारिसोल म्हणाली,
म्हणजे आमच्या.

मागच्या चाकाशी गंज, बोटाएवढा, आत गेलेला नाही.
व्हॉल्व्ह कव्हरपाशी ऑइल पाझरतंय.
पाझरू दे. या जातीची गाडी पाझरत नसेल
तर समजावं, आत ऑइलच नाही.
उजवा पुढचा दरवाजा कधीतरी रंगवलेला.
क्लच अर्धा संपलाय,
पण सरळ संपलाय, कुणी धसमुसळेपणा केलेला नाही.
स्टीअरिंगचं कातडं डाव्या बाजूला गुळगुळीत,
उजवीकडे जवळजवळ कोरं.
त्याचा उजवा हात कायम गिअरवर.

कप्प्यात वही सापडली.
विकणारे वेन्डेल प्रिझबिल्स्की, वय एकोणऐंशी,
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते.
तारीख, मैल, गॅलन, पैसे.
अक्षर पट्टीवर आखल्यासारखं,
मग पुढे पुढे उतरणीला लागलेलं.
शेवटची दोन वर्षं पेट्रोलचा उल्लेखही क्वचित,
नुसते मैल, रोजचे:
चौदा. चौदा. चौदा.
रविवारी चौदा. नाताळला चौदा.

सात जायला, सात यायला, मारिसोल म्हणाली.
इथून सात मैलांवर काय आहे?
मी मनातल्या मनात शहर फिरून आलो.
एक शुश्रूषागृह. दोन दफनभूम्या.
ती वही मांडीवर घेऊन बसली,
इंजिनाचं काही विचारेना.
मग म्हणाली, मी भाव पाडणार नाही.
म्हटलं, बाई, ऑइलच्या कामाचे चारशे, टायरचे सहाशे,
कागदावर लिहून दिलंय, तेवढं तरी बोल.

चारच्या सुमारास म्हातारा आला, सुनेच्या गाडीतून,
आधी काठी, मग पाय.
तिने विचारलंच. मला वाटत होतं, विचारू नये.

सात मैलांवर? दीपगृह.
तिथे कोण असतं?
कोणी नाही. वळायला जागा आहे.
गाडी उभी राहिली की बॅटरी बसते.
एवढं बोलून त्याने गुडघा चोळला,
डावा, क्लचचा.

मग मात्र मारिसोल घासाघीस करायला उभी राहिली.
सात हजार दोनशे.
सात हजार सहाशे.
चारशेचं ऑइल माझ्या डोक्यावर आहे, ती म्हणाली.
तो माझ्याकडे बघून हसला, त्याला ते माहीत होतं.
सात हजार दोनशे. पण वही माझी.

वहीची मागची कोरी पानं तेवढी
त्याने पट्टी धरून फाडली,
एकही कड वेडीवाकडी नाही,
आणि किल्लीबरोबर तिच्या हातात ठेवली.

फाटकाशी तिची गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदाही.
मग निघाली.
म्हातारा कान देऊन उभा,
पहिला, दुसरा, कोपऱ्यावरून तिसरा.
उशिरा टाकते, म्हणाला.
सुनेने हॉर्न वाजवला. तो हलला नाही.
चौथ्याची वाट बघत होता.