पंधराशे डॉलरच्या आत

मेलव्हिलच्या अलीकडे, रेल्वे फाटकापाशी
आधी टकटक झाली. मग ठकठक.
मग इंजिनाच्या कुशीतून एक दांडा बाहेर आला
आणि बर्फावर काळं तेल सांडत गेलं
शंभरेक पावलं.

वॉल्टर प्रिस्तुपानं वाकून टॉर्च मारला,
ब्लॉकला पडलेल्या भोकात बोट घालून दाखवलं,
दाताचा डॉक्टर दाखवतो तसं, उगीचच.
"नवं इंजिन सहा हजार.
ही अशी विकलीस तर आठशे येतील."
कोंबडीहून मसाला महाग, हे मला कळतं.

पण गाडी एकोणनव्वदची. रंग एके काळी निळा.
डावं दार आतून उघडत नाही,
काच खाली करून हात बाहेर काढायचा,
उणे तीसमध्येसुद्धा.
मागच्या हौद्यात मधमाश्यांच्या चोवीस पेट्या बसतात,
कॅनोला फुलायच्या आत त्या शेतांवर पोचवायच्या.
म्हणजे माझ्याकडे मार्च आहे, एप्रिल आहे, मे आहे
आणि मेणाच्या डब्यात चौदाशे साठ डॉलर.

कामसॅकचा एकजण म्हणाला, एकदम चालू आहे.
गेले तर तेल दुधाळ, चहासारखं.
"हवेमुळे होतं," म्हणाला, माझ्याकडे न बघता.
दुसरा फोनवर म्हणाला, नवऱ्याला दे, त्याच्याशी बोलतो.
म्हटलं, मलाही बोलायचंय त्याच्याशी,
अकरा वर्षं झाली.

कॅनोरात इंजिन होतं, पण मालक वारलेला.
मुलाला ठाऊक नाही कुठल्या गाडीचं.
आम्ही दोघं तारेच्या ब्रशनं नंबर घासत बसलो
संध्याकाळपर्यंत.
आठ सिलिंडरचं निघालं. माझं सहाचं.
त्यानं बिटाचं सूप वाढलं, मी मधाची बाटली दिली.
त्या महिन्यातला तेवढाच सरळ व्यवहार.

मग रेजायना. डेस्मंड ओकिमॉ,
विमानतळाचं भंगार लिलावात घेणारा.
त्याच्या आवारात बर्फात अर्धा बुडालेला
एक बुटका पिवळा टग, प्रवाशांचं सामान ओढणारा,
आणि त्याच्या पोटात तेच, तेच सहा, एका रांगेत.
"किलोमीटर किती?"
"किलोमीटर नाहीत. तास आहेत."
अंगठ्यानं काच पुसली त्यानं. सात हजार चाळीस.

सात हजार तास विमानापासून दारापर्यंत,
दारापासून विमानापर्यंत.
कोणाच्या बॅगा कुठे गेल्या, याला पत्ता नाही.
हे स्वतः कुंपणाबाहेर एकदाही गेलेलं नाही.

सहाही प्लग काढले. गेज लावलं.
एकशे बेचाळीस. एकशे चाळीस. एकशे चाळीस.
चौथ्याला एकशे अठरा.
डेस्मंड गप्प. मी गप्प.
दूर कुठेतरी त्याचा कुत्रा साखळी ओढत होता.
चमचाभर तेल सोडून पुन्हा बघितलं: एकशे छत्तीस.
रिंगा झिजल्यात, पण व्हॉल्व्ह शाबूत.
पाचवा, सहावा ठीक.
तो अकराशे म्हणाला, मी आठशे.
नऊशे आणि मधाच्या दोन बादल्या,
शिवाय इंजिन चढवायला त्याचा भाचा.

तेलाची टाकी बसेना. जुनी धुऊन लावली.
फ्लायव्हील वेगळं निघालं, तेही जुनंच.
वॉल्टर तीन शनिवार युक्रेनियनमध्ये शिव्या देत होता,
त्याच्या आजीच्या, असं म्हणाला; पैसे घेतले नाहीत.
चौथ्या शनिवारी किल्ली फिरवली.
ते खोकलं. थांबलं. खोकलं.
मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात
चालू लागलं.

जूनमध्ये पहाटे पेट्या चढवल्या, जाळी बांधली.
हायवेवर ऐंशीला गेल्यावर
त्यानं वेगळाच सूर लावला,
मला नवीन, बहुधा त्यालाही.
पुढे सरळ रस्ता, दोन्हीकडे काही नाही,
धावपट्टीसारखंच, फक्त संपत नाही.

फोम लेकच्या पाटीपाशी जरासं अडखळलं.
चौथा असणार.
मी गिअर बदलला.