अर्ज क्रमांक सात

नवे अर्ज फिक्या पिवळ्या कागदावर आलेत.
मलमपट्टीसाठी एक, डोकेदुखीच्या गोळीसाठी एक,
आणि शाळेत मुलाला कुठल्या नावानं हाक मारायची
त्यासाठी क्रमांक सात.
मधले अजून छापून यायचेत.

एव्हेरार्दो गुडघा फोडून आलाय.
खडी रुतलीय, रक्त मोज्यापर्यंत.
रडायचं की नाही
हे तो माझ्या तोंडाकडे बघून ठरवतोय.
आई मांसाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून झोपलेली,
फोन बंद. बापाच्या रकान्यात नुसतं 'ट्रक'.
मी पाणी ओतते.
पाण्याबद्दल कायद्यात काही नाही, दोनदा वाचलाय.
पट्टी ड्रॉवरमध्ये.

"लालो म्हणा ना," तो म्हणतो. "आजी म्हणते."
"एव्हेरार्दो, पाय सरळ कर."

कायदा आणला आमच्याच क्लेटन ब्रूमफील्डनं.
दुसरीत असताना त्यानं नाकात वाटाणा कोंबला होता.
चिमट्यानं काढला मी, ह्याच खुर्चीत,
कुणालाही न विचारता.
वाटाणा खिशात घालून घेऊन गेला, आईला दाखवायला.

गेल्या शरदात तो आमच्या जिममध्ये बोलला,
बास्केटबॉलच्या रिंगणाखाली उभा राहून :
लेकरं सरकारची नसतात, आईबापांची असतात.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
खोटं कशाला बोलू.
माझी लेक सोळाची होती तेव्हा
शाळेतल्या समुपदेशक बाईंना जे ठाऊक होतं
ते मला सगळ्यांत शेवटी कळलं.
ते वर्ष अजून ठणकतं.
पण क्लेटन, आईबाप म्हणालास
तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे कोण होतं रे?
दुपारी दोनला फोन उचलणारी कुणीतरी,
फ्रिजवर चुंबकानं लावलेलं पेन.

आणि मग भोंगा.
सराव मंगळवारी असतो, आज गुरुवार.
खिडकीत आभाळ जुन्या जखमेसारखं हिरवं,
धान्याचा उंच कोठार दिसेनासा झालेला.
चारशे पोरं कॉरिडॉरमध्ये, भिंतीकडे तोंड,
गुडघ्यांत डोकं, डोक्यावर हात.
त्याला वाकता येईना, गुडघा मुडपेना.
"लालो," मी ओरडले, "लालो, खाली!"
आणि अंगावर पडले त्याच्या, एकसष्ट वर्षांचं वजन घेऊन.
वारा छपरावरून
मालगाडीसारखा बराच वेळ जात राहिला.

आम्हाला काही झालं नाही. पार्किंगमधल्या तीन गाड्या,
झेंड्याचा खांब, एवढंच.
तोवर ड्रॉवर उघडा होता
आणि गुडघ्यावर पट्टी होती. ती मी कधी लावली
हे शपथेवर विचारलं तरी सांगता येणार नाही.

साडेतीनला आई आली, धावत,
रबरी बूट तसेच, केसांवर जाळी.
आधी त्याला चाचपलं, मग ओळखपत्र काढलं,
कुठे सही करू, म्हणाली.
पट्टीच्या अर्जावर केली. पट्टीकडे बघून केली.
सात नंबरचा तिनं बोट ठेवून वाचला,
ओठ हलवत, सावकाश,
आणि परत सरकवला.
"ते नाव घरातलं आहे, मिस ऑर्लीन.
शाळेला नाही द्यायचं."

लालोनं माझ्याकडे बघितलं.
मी कोरा अर्ज घडी घालून
फाइलमध्ये ठेवला.