नाक वर

शारजा, इंडस्ट्रियल एरिया अकरा.
रात्रीचे साडेदहा, शेडमध्ये अजून चाळीस.
पाना उचलला की तोच आधी विचारतो,
धरशील ना नीट?

खलफानची शेव्हेल चार घोड्यांवर उभी.
एकोणसत्तरची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी,
तब्येतीनं माझ्याहून बरी.

खालचे दोन बोल्ट मुकाट सुटले.
वरचा नट हट्टाला पेटला,
दांडा त्याच्यासोबतच गरगर,
नवरीमागं करवली फिरावी तसा.
गुलरेझनं चिमट्यानं दांड्याचं डोकं धरलं,
मी तेल सोडलं, मग एक शिवी.
शिवीनं सुटला.

जुना शॉकअप हातात आला, ढोपरापर्यंत काळा.
दाबला, बसला.
सोडला, उठलाच नाही.
म्हटलं, असो. बस.

नवे खोक्यातले, पिवळे.
यांची रीत उलटी:
वर यायला फुंकर पुरे,
खाली बसायला मनधरणी.
दिवा हिरवा झाला की नाक झटक्यात वर,
आणि काही क्षण वरच.
तेवढ्यात सगळा भार मागं जातो,
मागची चाकं रस्ता घट्ट धरतात.
गाडी पळते ती त्यांच्या जिवावर.

हे गुलरेझला सांगताना मी तळहात वर नेला
आणि तिथंच धरून ठेवला.
उस्ताद, विमान?
नाही रे, म्हटलं.
वॉशर शोधला. पुसला.
मग म्हटलं, हो, तसंच.

दाभोळहून निघालो तेव्हा एकविसावं सरलं होतं,
लग्नाला अडीच महिने.
भार कुणावर गेला
हे तेव्हा विचारलं नाही मी.
झुलेखानंही काढलं नाही कधी.

रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगलं की थांबायचं.
आणखी अर्धा फेरा म्हणजे हौस.
थांबलो.

शुक्रवारी रात्री उम्म अल कुवैनहून
खलफानचा व्हिडिओ आला, नऊ सेकंदांचा,
त्यात सहा नुसता धूर.
नाक उठलं. सगळे ओरडले.
मी थांबवून थांबवून पाहिलं ते मागचं चाक:
अंगावर सुरकुत्या, जमिनीला चिकटलेलं,
अख्खी गाडी पाठीवर.

झुलेखाला पाठवला.
गाडी कुणाची, किती पळाली, काहीच विचारलं नाही.
बऱ्याच वेळानं एक ओळ आली:
मागचा टायर बसलाय.
हवा भरून घ्या.