कूलर बंद करा

गोकुळपेठेत छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर
ही खोली. भाडं तीन हजार, वीज वेगळी.
शनिवारी चार जण येतात, कधी पाच,
आणि जिन्यातच चपला काढतात,
जणू आत कुणी आजारी आहे.

शिकवते असं म्हणवत नाही मला.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत
कुठल्या बाईच्या हातातला ग्लास
मागच्या शॉटमध्ये अर्धा होता की पाऊण,
एवढंच वहीत टिपत आले.
अजून दिसतात ते ग्लासच.

दुर्योधन निनावेला ड्रोन पाहिजे.
"ड्रोनशिवाय फिल्म कशी दिसन, मॅडम?"
खालून दिसेल, म्हटलं.
मुदस्सिरची सगळी पात्रं मुशायऱ्यात बसल्यासारखी बोलायची,
भाजीवालासुद्धा.
मी आठ पानं काटली. दोन शनिवार तो आलाच नाही.
तिसऱ्या शनिवारी एकही संवाद नसलेली संहिता
टेबलावर टाकून म्हणाला, घ्या.
चांगली होती. मी तसं सांगितलं
तर त्याला जास्तच राग आला.

आणि रोशनी उईके, कोराडीची.
तिच्या स्कूटीच्या डिकीत
पटकथेच्या पहिल्या पानावर राखेची साय.
अकरा मिनिटांची फिल्म, सातवा खर्डा:
बाप घरोघरी कूलरच्या ताट्यांत वाळा भरून देतो,
मार्च ते मे.
मग जूनमध्ये काय करतो, मी विचारलं.
"वाट पाह्यतो जी, मार्चची."
हे लिही, म्हटलं.
तिनं लिहिलं नाही.

सहाव्या पानावर एक जागा होती.
काम झाल्यावर बाप गिऱ्हाइकाच्या खोलीत
कूलरपुढे घडीभर उभा राहतो. बस.
मी लाल पेनानं लिहिलं: इथे गती थांबते.
पुढच्या खर्ड्यात ती जागा परत.
पुन्हा लाल. पुन्हा परत.
चौथ्यांदा मी पेनाचं टोपण लावलं,
पटलं म्हणून नाही,
थकले म्हणून.

शूटिंगला शेचाळीस अंश.
मावशीचा फ्लॅट, मावशी माहेरी,
लाईटचा स्टँड म्हणून कपड्यांचा दांडा,
आणि बापाच्या कामाला बापच,
इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्याकडे न बघायची
शपथ घेतल्यासारखा.
साउंडवाल्या पोरानं कानावरचं सावरत म्हटलं,
"कूलर बंद करा, घरघर येऊन राह्यली."
बंद केला.
नागपुरात मे महिन्यात कूलर बंद होतो तेव्हा
खोलीला आपलं वय कळतं.
कुणाच्या तरी कानशिलावरून घाम
कॉलरीत उतरला, तोही ऐकू आला असेल.

बाप बंद कूलरपुढे उभा राहिला.
वारा येतोय असं धरून त्यानं डोळे मिटले.
आणि मला दिसलं, दिसणारच,
शर्ट हलत नाहीये.
आवाज नंतर भरता येतो, वारा नाही.
बावीस वर्षांची सवय जिभेवर आली,
तोंड उघडलंही असेल.
रोशनीनं वळून पाहिलं नाही,
फक्त हाताचा पंजा मागे केला, माझ्याकडे,
रस्ता ओलांडताना लेकराला थांबवतात तसा.

मी थांबले.

बापानं डोळे उघडले.
कुणी काही बोलत नाही म्हणजे झालं असेल,
असं समजून त्यानं बाही वर केली,
कूलरची डावी ताटी खसकन ओढून काढली,
उलटी केली, वाळा बोटांनी उपसून
विरळ जागेत दाबला.
"पाणी एकाच बाजूनं चाललं होतं बे,"
स्वतःशीच म्हणाला,
"कोण लावली अशी?"

दुर्योधननं कॅमेऱ्यामागून माझ्याकडे पाहिलं.
मी रोशनीकडे.

तिनं अजून कट म्हटलेलं नव्हतं.