कलम सातवे

तहसिलीच्या कडुनिंबाखाली माझं टेबल आहे,
एक पाय विटेवर.
बावीस वर्षं मी लोकांचे शब्द स्टॅम्पपेपरवर बसवतो,
शंभराचा कागद, पन्नासाची अक्कल.

नाटकाचा करार साधा असतो:
लिहून देणार हिरामण लांजेवार, नाट्यकंपनी, वडसा,
लिहून घेणार कोसंबटोल्याचं मंडळ.
शंकरपटाची रात्र, तीन अंक, एकोणीस कलाकार,
पडदा दहाला, इसार अकरा हजार,
न आल्यास दुप्पट.
आणि सातवं कलम, जे मी कुणाला वाचून दाखवत नाही,
कारण तिथवर येईतो माणसं खिशात पेन शोधू लागतात:
अस्मानी वा सुलतानी आल्यास
कोणी कोणाचं देणं लागणार नाही.

हे वाक्य मला माझ्या उस्तादानं दिलं, त्याला त्याच्या.
अस्मानी म्हणजे गारा, पूर, वीज.
सुलतानी म्हणजे बंदी, कर्फ्यू, साहेबाचा दौरा.
जगात तिसरं काही येत नाही
असं आम्ही तिघंही धरून चाललो.

आलं.
सागाच्या रानात, संध्याकाळी साडेसातला,
दिवसभराची ऊब धरून असलेल्या डांबरावर
वाघीण, आणि तिची तीन पिल्लं.
अलीकडे टेंपो: राजवाड्याचा पडदा, तुरुंगाचा पडदा,
मफलर गुंडाळलेली नायिका, सर्दी झालेला खलनायक.
वनरक्षकानं हात आडवा केला. दिवे बंद. हॉर्न नाही.
ती उठली पावणेचारला.

सोमवारी दोन्ही पक्ष माझ्या टेबलाशी.
"बसून राहिली होती ना जी ते," लांजेवार म्हणाला,
"तिले का म्हणू? सरक माय, माहा पयला अंक आहे?"
खजिनदार बिसन गजभेनं तिकिटांची वही आपटली:
"तीन हजार माणूस तणसीवर बसून.
पोट्टे झोपले, उठले, फिरून झोपले.
तू एवढंच सांग बाबू,
वाघ अस्मानी का सुलतानी?"

मी चष्मा पुसला.
अस्मानी म्हणावा तर त्याच्या गळ्यात सरकारी पट्टा,
आणि त्याची मोजणी आमच्यापेक्षा वेळेवर होते.
सुलतानी म्हणावा तर तो हुकूम कोणाचा मानतो?
"अकल्पित" असं खोडून लिहू का, विचारलं,
तर गजभे उसळला:
"अकल्पित कायचा? गेल्या सालीच माहा गोऱ्हा नेला त्यानं!"

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं,
पण नाटक तर झालं.

झालं म्हणजे असं:
कंपनीचा ऑर्गनवाला, यादव गुरनुले,
बहिणीला भेटायला दुपारच्या एसटीनं पुढे आला होता.
ऑर्गन टेंपोत.
त्यानं भजनी मंडळाची पेटी मागून घेतली, तिच्या दोन पट्ट्या मुक्या,
आणि दहाच्या ठोक्याला रिकाम्या स्टेजवर मांडी घातली.
चौदा हंगाम खड्ड्यात बसून ऐकलेलं सगळं
तो एकटा बोलला. राजा, जेलर, सावत्र भाऊ.
आई मरते त्या प्रवेशात त्याला मिशा होत्या,
तरी कोणी हसलं नाही.

"म्हणजे कंपनी आली," लांजेवार म्हणाला.
"एकोणिसातला एक आला," गजभे म्हणाला.
मी इसाराला एकोणिसानं भागलं:
पाचशे अठ्ठ्याहत्तर रुपये चौऱ्याण्णव पैसे.
सगळे त्या आकड्याकडे बघत राहिले,
चहात माशी पडावी तसे.

गुरनुले बाकाच्या टोकाला होता. आवाज बसलेला.
त्यानं माझ्या रद्दीतला कागद ओढून लिहिलं:
मला वाघीण माहीत नव्हती.
दहा वाजले एवढंच माहीत होतं.

पुढच्या हंगामाचा करार तिथंच टाइप केला,
तीच रक्कम, जुना इसार पुढे धरून.
अस्मानी आणि सुलतानीच्या मध्ये
चार बोटं जागा मोकळी सोडली.
"हे कायची?" गजभेनं विचारलं.
म्हटलं, राहू दे.

त्या कागदाचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.
दोघंही म्हणतात, कलम सात.